आई-बाबांनी बाहेर थांबावं का?

लहान मुलाला उचलून कॅज्युअल्टीत शिरलेल्या माणसाच्या कानावर दोन वाक्यं हमखास पडतात. पहिलं, 'केसपेपर काढून आणा.' दुसरं, 'तुम्ही बाहेर थांबा.' घाटकोपरचं राजावाडी असो, विलेपार्ल्याचं कूपर असो, मुलुंडचं अग्रवाल असो की अंधेरीतलं एखादं काचेच्या दाराचं खासगी रुग्णालय, वाक्यं तीच. खासगीत केसपेपरच्या जागी डिपॉझिट येतं, एवढाच फरक. मूल आत, आई दाराबाहेर आणि बाप काउंटरवर. पुढचा काही वेळ आत काय चाललं आहे हे त्या मुलाच्या सर्वांत जवळच्या दोन माणसांनाच ठाऊक नसतं.

या पुस्तकाचा विषय तो वेळ आहे. मुलावर तातडीचे उपचार चालू असताना आई-वडिलांना आत राहू द्यावं का? राहू दिलं तर त्यांनी कुठे उभं राहावं, काय करावं, त्यांच्याशी कोणी बोलावं? आणि त्यांनाच आत राहायचं नसेल तर? डॉक्टरांच्या आपसातल्या गप्पांत हा विषय निघतो, घरोघरीच्या आठवणींत तर सारखाच निघतो. पण दोन्ही बाजूंची माणसं समोरासमोर बसून यावर बोलली आहेत, असं आपल्याकडे सहसा घडत नाही. घडतं ते भांडण, आणि तेही सगळं होऊन गेल्यावर.

तातडीचे उपचार म्हटलं की छातीवर दाब देणारे डॉक्टर आणि वाजणारे मॉनिटर डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात बालरोग विभागात रोज येणारी मुलं वेगळी असतात. जिन्यावरून पडून हनुवटी फुटलेली, दम्याने धापा टाकणारी, नाकात मणी घातलेली, बाटलीतलं फिनाईल प्यायलेली, शेंगदाणा श्वासनलिकेत गेलेली, तापात आकडी आलेली. त्यांच्यावरचे उपचारही एका मापाचे नसतात. इंट्राकॅथ लावणं, टाके घालणं, पाठीतलं पाणी काढणं, श्वासनलिकेत नळी घालणं आणि शेवटी बंद पडलेलं हृदय चालू करण्याची धडपड, या पायऱ्या चढत जातात तसा प्रश्न अवघड होत जातो. अमेरिकेत १९९९ साली ४०० पालकांना हीच चढती यादी दाखवून विचारलं गेलं. नुसतं रक्त काढायचं असेल तर जवळजवळ सगळ्यांनाच, ९७ टक्क्यांहून जास्त जणांना, मुलाजवळ थांबायचं होतं. बेशुद्ध मुलाला वाचवण्याची धडपड चालू असताना थांबू इच्छिणारे ७१ टक्के निघाले. पण मूल वाचण्याची शक्यता कमी आहे असं म्हटल्यावर हा आकडा पुन्हा ८३ वर गेला. हा वर गेलेला आकडा मला फार बोलका वाटतो. बघवणार नाही म्हणून आपण ज्यांना बाहेर पाठवतो, त्यांना नेमकं त्याच वेळी आत असावंसं वाटतं.

तापातल्या आकडीचं उदाहरण जरा जवळून पाहू, कारण उपनगरातल्या प्रत्येक बालरोगतज्ज्ञाने ते पाहिलेलं असतं. दोन वर्षांचं मूल, अंग तापलेलं, डोळे वर गेलेले, हातपाय झटके देतायत, तोंडातून लाळ. सिस्टर त्याला कुशीवर वळवते, लाळ ओढून घेते, ऑक्सिजनचा मास्क लावते. डॉक्टर विचारतात, 'कधी सुरू झाली? आधी कधी आली होती? वजन किती? घरी कुठलं औषध दिलं?' सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या तापाच्या आकड्या बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत आपल्याआप थांबतात. पाच मिनिटं उलटून गेली तर औषध द्यावं लागतं, नाकात फवारायचं मिडाझोलाम असो किंवा शिरेतून द्यायचं दुसरं काही, आणि त्याचा डोस मुलाच्या वजनावर ठरतो. या चारही प्रश्नांची उत्तरं एकाच माणसाकडे असतात आणि त्या माणसाला आपण नुकतंच बाहेर काढलेलं असतं. मग वॉर्डबॉय मामा दारात येऊन ओरडतात, 'पेशंटची आई कोण?' आई धावत येते, लसीकरणाच्या कार्डावरचं वजन सांगते आणि तिला परत बाहेर पाठवतात.

वैद्यकाच्या इतिहासात आई-वडिलांना दाराबाहेर ठेवणं हे जुनं शहाणपण मानलं जाई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमधल्या बऱ्याच रुग्णालयांत मुलाला भेटायला आठवड्यातून ठरावीक तासच मिळत. आई आली की मूल रडतं, गेली की आणखी रडतं, म्हणून येऊच नये, असा तो हिशेब होता. न्यूकॅसलमध्ये जेम्स स्पेन्स यांनी १९२० च्या दशकातच आयांना मुलांसोबत दाखल करून घ्यायला सुरुवात केली होती, पण ते अपवादच ठरले. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी एका लहान शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर माहितीपट केला. तिचं हळूहळू गप्प होत जाणं पाहून बालरोगतज्ज्ञ आधी चिडले आणि मग विचारात पडले. १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने भेटीच्या वेळांवरची बंधनं काढा, लहान मुलांच्या आयांना सोबत राहू द्या, असं स्पष्ट लिहिलं. पुढे १९८८ साली नेदरलँड्समधल्या लायडन इथे युरोपातल्या संस्थांनी रुग्णालयातल्या मुलांची सनद केली आणि आई-वडील सदैव जवळ असणं हा मुलाचा हक्क ठरवला.

पण वॉर्ड वेगळा आणि कॅज्युअल्टी वेगळी. कॅज्युअल्टीचं दार उघडलं ते अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या जॅक्सन गावच्या फूट रुग्णालयात, १९८२ साली. दोन वेगवेगळ्या प्रसंगी नातेवाइकांनी आतच राहण्याचा हट्ट धरला आणि रुग्णालयाने तो मानला. मग तिथल्या लोकांनी एक साधी गोष्ट केली. ज्यांना पूर्वी बाहेर ठेवलं होतं, त्यांना जाऊन विचारलं. १८ पैकी १३ जणांनी सांगितलं, आम्हाला आत यायचं होतं. नऊ वर्षांच्या अनुभवानंतर त्यांनी लिहिलं की कोणी कामात अडथळा आणला नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या आपत्कालीन परिचारिकांच्या संघटनेने याच्या बाजूने ठराव केला. डॉक्टरांच्या संघटना त्यामागून आल्या. परिचारिका डॉक्टरांच्या पुढे होत्या, ही गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक सिस्टरला माहीत असायला हवी.

त्यानंतर पुरावे जमू लागले. इंग्लंडमध्ये केंब्रिजला १९९८ साली प्रसिद्ध झालेली चाचणी २५ रुग्णांनंतर थांबवावी लागली, कारण आत राहिलेल्या नातेवाइकांना झालेला फायदा पाहून तिथल्या कर्मचाऱ्यांनाच कोणाला बाहेर ठेवणं अन्यायाचं वाटू लागलं. फ्रान्समध्ये ५७० नातेवाइकांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांना आत राहण्याची संधी रीतसर देऊ केली होती त्यांच्यात तीन महिन्यांनी मानसिक आघाताची लक्षणं कमी आढळली. उपचारांच्या दर्जात फरक पडला नाही, खटलेही झाले नाहीत. मात्र त्यात रुग्ण प्रौढ होते आणि घटना घरातल्या होत्या, हे विसरून चालणार नाही. मुलांपुरतं पाहायचं तर अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत अपघातग्रस्त मुलांच्या पालकांना सम तारखांना आत बोलावलं गेलं, विषम तारखांना नाही. २००९ साली निष्कर्ष आला की सीटी स्कॅनपर्यंत पोहोचायला किंवा उपचार पुरे व्हायला जास्त वेळ लागला नाही. २०२१ साली पुनरुज्जीवनाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने बालकांच्या बाबतीत पुरावा अजून तोकडा आहे असं प्रामाणिकपणे सांगून, तरीही पालकांना निवड द्यावी असं सुचवलं.

या वाटचालीत चार विचार तयार झाले. ते एकमेकांत मिसळतातही. सर्वांत जुना विचार म्हणतो की उपचारांची खोली ही काम करणाऱ्यांची जागा आहे, आई-वडिलांना तिथलं दृश्य आयुष्यभर छळेल आणि डॉक्टरांचे हात थरथरतील. दुसरा विचार हक्काचा आहे. मूल आई-वडिलांचं, त्यामुळे दार उघडायला परवानगी त्यांनी मागायची नाही, त्यांना अडवायचं असेल तर कारण रुग्णालयाने द्यायचं. तिसरा निवडीचा आणि सोबतीचा. पालकांना विचारा, सक्ती करू नका, आणि आत आलेल्या पालकाजवळ एक माणूस असा ठेवा ज्याला दुसरं कुठलंही काम नाही. चौथा विचार मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो मोठ्यांना बाजूला ठेवून मुलाकडे पाहतो. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड ब्लाउंट आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली कॅन्सरच्या मुलांवर वेदनादायक प्रक्रिया चालू असताना मोठी माणसं काय बोलतात हे नोंदवलं. 'काही नाही होणार, काही नाही होणार' अशी समजूत, माफी मागणं, कळवळणं याने मुलाचा त्रास वाढतो. त्याचं लक्ष दुसरीकडे वळवणं, श्वास घ्यायला लावणं, गोष्ट सांगणं याने मूल सावरतं. २००५ साली असे अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा नुसतं पालक जवळ असल्याने मुलाचा त्रास हमखास कमी होतो असं दिसलं नाही. फायदा झाला तो बहुतांशी पालकांना. म्हणजे आईला आत घेतलं की काम संपलं, असं नाही. तिला काय करायचं हे एका वाक्यात सांगावं लागतं. 'डोक्याशी उभ्या राहा, हात धरा आणि त्याच्या मोटारीबद्दल बोलत राहा.' एवढं सांगायला दहा सेकंदं लागतात.

आता मुंबईकडे वळू. इथे चित्र उलटंच आहे. युरोपात आईला वॉर्डात घ्यायला चळवळ करावी लागली. आपल्या महापालिका रुग्णालयांत आई वॉर्डात असतेच, कारण तिच्याशिवाय वॉर्ड चालणार नाही. ती ताप बघते, सलाईन संपत आली की सिस्टरला सांगते, लंगोट बदलते, वाफ देते, रात्री खाटेखाली चादर टाकून झोपते. बाप रक्ताचे नमुने घेऊन लॅबकडे धावतो, चिठ्ठीवरचं औषध बाहेरच्या दुकानातून आणतो. एखाद्या मुलाला बोरिवलीहून परळच्या वाडिया रुग्णालयात हलवायचं ठरलं की रुग्णवाहिकेत आईच बसते आणि वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवरच्या सगळ्या ट्रॅफिकमधून ऑक्सिजनचा मास्क मुलाच्या तोंडावर धरून ठेवते. परळला पोहोचलं, स्ट्रेचर आत गेलं की तिला सांगतात, 'बाहेर थांबा.' जिच्या हातांवर आपण इतका वेळ भरवसा ठेवला, ती एका दारापाशी अचानक गर्दी होते. तिला इन्फेक्शनचं, शिस्तीचं, जागेचं कारण सांगितलं जातं. ही कारणं खोटी नाहीत. पण ती तिच्या श्रमांना लागू होत नाहीत आणि फक्त तिच्या असण्याला लागू होतात, हे मला पटत नाही.

आणि हे बदलता येतं, याचा पुरावाही याच शहरात आहे. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी नवजात विभागात आयांना बाळाच्या काळजीत सामील करून घेतलं. तिथेच १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. कुर्ला, घाटकोपर, मुलुंडच्या कितीतरी घरांतली अशक्त बाळं या विभागात सांभाळली गेली. २०१७ साली केंद्र सरकारने नवजात विभागांत कुटुंबाच्या सहभागासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२१ साली भारतासह पाच देशांतल्या अभ्यासाने दाखवलं की कमी वजनाच्या बाळाला जन्मानंतर लगेच आईच्या उघड्या छातीशी ठेवलं, म्हणजेच आईला बाळासह अतिदक्षता विभागातच जागा दिली, तर मृत्यू पंचवीस टक्क्यांनी कमी होतात. सर्वांत नाजूक रुग्णांच्या खोलीत आई चालते, मग तीन वर्षांच्या मुलाच्या टाक्यांच्या खोलीत का चालू नये?

विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही इथे पूर्ण आदराने मांडायला हवं, कारण ते माझ्या सहकाऱ्यांचं म्हणणं आहे. मार्च २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्या निवासी डॉक्टरांनी सामूहिक रजा घेतली ती सततच्या मारहाणीला कंटाळून. डॉक्टरांवरच्या हिंसेविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, तरी ही वेळ आली. त्यानंतर रुग्णालयांत सुरक्षारक्षक वाढले आणि रुग्णामागे दोनच नातेवाइकांना पास द्यायची पद्धत आली. छत्तीस तास जागा असलेला रेसिडेंट, पहिल्यांदा एवढ्या लहान गळ्यात नळी घालणारा, आणि पाठीमागे रडणारा बाप. त्याची भीती खरी आहे. कूपरसारख्या रुग्णालयाला २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे. शिकणारे हात तिथे रोज असणार आणि ते असायलाच हवेत. शिवाय वस्तीतलं एक मूल आजारी पडलं की सोबत दहा-पंधरा माणसं येतात. त्यांच्या मायेला बोल लावता येत नाही, पण दार उघडं ठेवायचं म्हणजे या सगळ्यांना आत घ्यायचं का, हा प्रश्न सिस्टरला पडतोच.

माझं उत्तर असं आहे की दोन पासांची पद्धत हा या प्रश्नातला अडसर नाही, ती सुरुवात आहे. दोन माणसं कोण हे आधीच ठरलेलं असेल, तर त्यातलं एक आत आणि एक बाहेरच्यांना सांगायला, अशी विभागणी सहज होते. मारामारी ज्या गर्दीतून उसळते, त्या गर्दीला आत काय चाललं आहे याची खबर नसते. आतून आलेल्या स्वतःच्या माणसाचा शब्द ती गर्दी ऐकते, सुरक्षारक्षकाचा ऐकत नाही.

उपनगरांचा आणखी एक पेच आहे, जो परदेशी अभ्यासांत सापडत नाही. मूल पडतं तेव्हा आई-वडील घरी असतातच असं नाही. आई अंधेरीच्या सीप्झमध्ये, वडील चर्चगेटला, मूल मुलुंडला आजीकडे किंवा पाळणाघरात. रुग्णालयात घेऊन येते ती आजी, शेजारीण, नाहीतर शाळेच्या बाई. पालक म्हणून आत कोणाला घ्यायचं? कायदा संमतीबद्दल बोलतो. जुन्या भारतीय दंड संहितेतलं ८९ वं कलम आता भारतीय न्याय संहितेत २७ वं झालं आहे. त्यात बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी पालकाच्या संमतीने केलेल्या उपचाराला संरक्षण आहे, आणि ३० व्या कलमात संमती मिळण्याइतका वेळच नसेल तर तीशिवायही. पण आत कोण उभं राहणार यावर कायदा काही सांगत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाला तपासत असताना दुसरी स्त्री हजर असण्याचा हक्क आहे. मुलाजवळ आई-वडील असण्याचा हक्क मात्र वेगळा लिहिलेला नाही. त्यामुळे निर्णय त्या त्या वेळच्या सिस्टरच्या किंवा रेसिडेंटच्या स्वभावावर पडतो. त्यांच्यावर असा भार टाकणंही अन्यायच आहे.

पहिल्या मजल्यावरच्या दहा खाटांच्या नर्सिंग होममध्ये हा प्रश्न बऱ्याचदा उठतच नाही. तिथे डॉक्टर आईला नावाने ओळखतात आणि मध्ये दार नसतं, पडदा असतो. मोठ्या रुग्णालयांनी या छोट्या जागांकडून काही शिकावं, असं मला मनापासून वाटतं.

आई-वडिलांना आत घेऊ नये असे प्रसंगही आहेत आणि या पुस्तकाने ते टाळलेले नाहीत. मुलाच्या अंगावरच्या खुणा घरातल्या मारहाणीचा संशय निर्माण करत असतील; पालक नशेत असेल; त्याच अपघातात तो स्वतः जखमी असेल; किंवा त्याला आत यायचंच नसेल. या शेवटच्या प्रसंगाबद्दल आपण फार कठोर असतो. 'आई असून बाहेर थांबली' हे वाक्य सासरी वर्षानुवर्षं ऐकावं लागलेल्या बायका आहेत. आणि 'आत होतीस, तरी काही केलं नाहीस' हे ऐकावं लागलेल्याही आहेत. वाईट बातमी सांगायची वेळ आली की डॉक्टर दारात येऊन विचारतात, 'मुलाचे वडील कोण?' आई शेजारीच उभी असते. तिला ती बातमी नवऱ्याच्या चेहऱ्यावरून कळते. मुलाला वाचवण्यासाठी शेवटपर्यंत काय काय केलं गेलं हे डोळ्यांनी पाहिलेल्या आईला निदान हा प्रश्न उरत नाही की काही करायचं राहून गेलं का.

हे पुस्तक अशा सगळ्या आवाजांना एकत्र आणण्याचा प्रयत्न आहे. त्यात बालरोगतज्ज्ञ आहेत, भूलतज्ज्ञ आहेत, परिचारिका आहेत, वॉर्डातल्या मावशी आहेत, वकील आहेत. आणि ज्यांची मुलं बरी होऊन घरी गेली ते पालक जसे आहेत, तसे ज्यांची गेली नाहीत तेही. लेखकांची मतं जुळत नाहीत आणि ती जुळवण्याचा आटापिटा केलेला नाही. ज्या डॉक्टरांनी दार बंदच असावं असं लिहिलं आहे, त्यांचा लेख मुद्दाम पहिल्या भागात घेतला आहे. ज्यांना ते उघडावं असं वाटतं त्यांनी आधी त्याला उत्तर द्यावं. परदेशी संशोधन इथे आहे, पण त्याला मुंबईच्या खाटांच्या संख्येचं, लोकल गाड्यांचं आणि चिठ्ठ्या घेऊन धावणाऱ्या बापाचं भान आहे. पालकांसाठी सोप्या भाषेतला भाग आहे, तो रांगेत बसल्याबसल्याही वाचता येईल.

हा प्रश्न आत्ताच का? आपत्कालीन वैद्यक हा स्वतंत्र पदव्युत्तर विषय म्हणून भारतात २००९ साली मान्य झाला. त्यात शिकून तयार झालेली तरुण पिढी आता उपनगरांतल्या कॅज्युअल्टीत उभी आहे आणि विभागाच्या सवयी पक्क्या होण्याआधीच त्या चांगल्या लावून घेता येतात. खर्चाचं म्हणाल तर एक माणूस लागतो. तो डॉक्टर असायला हवा असं नाही. समाजसेवा विभागातली कार्यकर्ती, एखादी ज्येष्ठ सिस्टर, नीट शिकवलेली मावशीसुद्धा चालेल. तिने पालकाला आधी सांगायचं की आत नळ्या दिसतील, रक्त दिसेल, चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच खाली बसा, कधीही बाहेर जाता येईल. मग सोबत उभं राहायचं आणि नंतर पाणी द्यायचं. पालकांना आत घ्यावं असं माझं ठाम मत आहे, पण या माणसाशिवाय घेऊ नये, हेही तितकंच ठाम.

रुग्णालयं चालवणाऱ्यांना विनंती आहे की आपल्या विभागाचा नियम काय हे एका पानावर मराठीत आणि हिंदीत लिहून दाराशी लावा. आणि वाचक आई-बाबांनो, घरात कोणी आजारी नसताना एकदा आपल्या जवळच्या रुग्णालयात जाऊन विचारून या, की तिथे मुलांचा अतिदक्षता विभाग आहे का, आणि मुलाजवळ तुमच्यापैकी एकाला थांबू देतात का. लसीकरणाचं कार्ड आजीच्या किंवा पाळणाघराच्या हाताशी ठेवा आणि त्यावर मुलाचं ताजं वजन लिहा.